खडूच्या डोंगराखालची गावं आणि त्यांची चर्चं : ससेक्समधली एक दिवसाची पायपीट

रानवाट

बाबा गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वाईहून आमच्याकडे आले. लंडनमध्ये दाखवायचं ते दोन आठवड्यांत दाखवून झालं. मग एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "शहर पाहिलं. आता ह्या लोकांचं एखादं गाव दाखव."

बाबांचं सगळं आयुष्य बांधकामावर गेलं, आधी गवंडीकाम आणि पुढे देखरेख. वय ७१. दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी जातात, त्यामुळे चालण्याची चिंता नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं ससेक्सला गेलो आणि साउथ डाउन्सच्या कुशीतली पाच गावं एका दिवसात चालून आलो. बर्विक, आल्फ्रिस्टन, लिटलिंग्टन, ललिंग्टन आणि विल्मिंग्टन. अंतर साधारण १८ किलोमीटर. वर्ष झालं तरी तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून लुईस, तिथे गाडी बदलून बर्विक. (स्कॉटलंडच्या सीमेवरच्या गावाचा उच्चार बेरिक, पण हे बर्विक.) स्टेशनपासून गाव तीनेक किलोमीटर दक्षिणेला आहे. शेतांतून चालायला लागलं की समोर डाउन्सची रांग दिसते. डाउन म्हणजे खरं तर टेकडी, जुन्या इंग्रजीत 'दून' म्हणजे डोंगर. आपल्या सह्याद्रीसारखे कडे नाहीत, कातळ नाही. नुकतीच लिंपून घेतल्यासारखी गुळगुळीत हिरवी पाठ, आणि जिथे माती सरकली आहे तिथे आतून एकदम पांढरं. बाबा थांबून बघत राहिले. म्हणाले, "हा डोंगर आतून चुन्याचा दिसतोय." चुन्याचाच आहे तो, खडूचा.

बर्विकचं चर्च झाडांआड एका उंचवट्यावर आहे. बाहेरून साधं. आत गेलं की भिंती रंगांनी भरलेल्या! १९४१ साली, युद्ध ऐन भरात असताना, चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल ह्यांनी डंकन ग्रँट, व्हनेसा बेल आणि तिचा मुलगा क्वेंटिन बेल ह्यांच्याकडून ही चित्रं काढून घेतली. (आडनाव एकच असलं तरी बिशपांचं आणि ह्या चित्रकारांचं नातं नाही.) हे कुटुंब जवळच चार्ल्सटन नावाच्या शेतघरात राहायचं. चित्रं थेट भिंतीवर नाहीत, फळ्यांवर रंगवून मग भिंतीवर बसवली आहेत. १९४३ मध्ये त्यांचं अर्पण झालं.

व्हनेसाने येशूजन्माचं चित्र काढलंय ते इथल्याच एका कोठारात. मोठाल्या लाकडी तुळया, इथलेच मेंढपाळ, आणि पुढे जमिनीवर एक ट्रग. ट्रग म्हणजे पातळ फळ्या वाकवून केलेली ससेक्सची टोपली, भाजी काढायला वापरतात ती. बाबा त्या टोपलीशी वाकून म्हणाले, "म्हणजे देव ह्यांच्याच गोठ्यात जन्मला असं दाखवलंय." मी मान हलवली. आपल्याकडच्या भिंतीवर कृष्ण काढताना चित्रकार गायी आपल्या गावच्याच काढतो, तसंच.

वेदीकडे जाणाऱ्या कमानीवर डंकन ग्रँटचा ख्रिस्त आहे, आणि खाली डावीकडे गुडघे टेकलेले तिघे : एक खलाशी, एक सैनिक, एक वैमानिक. सैनिकासाठी ज्या तरुणाला समोर बसवलं होतं तो १९४४ मध्ये नॉर्मंडीत मारला गेला. त्याच वर्षी जवळ पडलेल्या बाँबने चर्चच्या काचा फुटल्या. पुन्हा बसवताना रंगीत न बसवता साध्या बसवल्या, त्यामुळे बाकावर बसलं की एका बाजूला चित्रं आणि दुसऱ्या बाजूला खिडकीतून खरी झाडं दिसतात.

तिथून पायवाटेने आल्फ्रिस्टन अर्ध्या-पाऊण तासावर. गाव प्रसिद्ध आहे, गर्दी असते. गावाच्या मोकळ्या हिरवळीला 'टाय' म्हणतात आणि तिच्यावर, कमरेएवढ्या उंच टेकाडावर, सेंट अँड्र्यूज चर्च आहे, चौदाव्या शतकातलं. 'डाउन्सचं कॅथीड्रल' म्हणतात त्याला. चारही बाजू सारख्या असलेल्या क्रुसाचा आराखडा. गावात गोष्ट सांगतात की पाया दुसरीकडेच घातला होता, पण रोज रात्री दगड उचलून कोणीतरी टायवर आणून टाकायचं. मग एकाने चार पांढरे बैल पाठीला पाठ लावून क्रुसासारखे बसलेले पाहिले आणि लोकांनी खूण ओळखली. बाबांना ही गोष्ट फार आवडली. "प्रत्येक देवळाची जागा बैलच ठरवतो," म्हणाले.

पण ते खरे रमले ते बाहेरच्या भिंतीपाशी. ही भिंत चकमकीच्या दगडांची आहे. हे दगड खडूतच सापडतात, वरून पांढरट, ओबडधोबड, बटाट्यासारखे. फोडले की आत काळे, काचेसारखे. आल्फ्रिस्टनला ते फोडून, चौकोनी करून, काळा चेहरा बाहेर ठेवून बसवलेत. बाबांनी तळहात फिरवला, मग नखाने दोन दगडांमधली सांध तपासली. दहा मिनिटं तरी बोलले नाहीत. मग : "ह्याला नस नाही. छिन्नीने मनासारखा फुटत नाही. एकेक दगड चौकोनी करायला माणसाचा किती वेळ गेला असेल!" आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, कोपऱ्याला दुसरा दगड आणलाय. ह्या गोट्यांना कोपरा धरता येत नाही." मी त्या चर्चला आधी तीनदा गेले होते. कोपरा मला दिसलाच नव्हता.

चर्चला लागून क्लर्जी हाउस, म्हणजे धर्मगुरूंचं घर, चौदाव्या शतकातलं, गवताने शाकारलेलं. पडायला आलं होतं. नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने १८९६ साली १० पौंडांना घेतलं, आणि ट्रस्टने विकत घेतलेली ती पहिली वास्तू. आतली जमीन खडू कुटून केलेली आहे आणि वरून आंबट दुधाचा हात दिलेला. बाबा चप्पल काढायलाच निघाले होते, सारवलेल्या जमिनीवर आपण पायताणाने जात नाही ना.

जेवणाचं आधीच सांगते. आम्ही गावातल्या एका पबमध्ये अडीचनंतर पोचलो आणि स्वयंपाकघर बंद झालं होतं. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं. कुकमियर नदीवरच्या पांढऱ्या पुलापलीकडे बांधावर बसून खाल्लं.

पुढे नदीकाठाने लिटलिंग्टन. वाट सपाट, नदी वळणं घेत संथ. पलीकडच्या उतारावर खडूत कोरलेला पांढरा घोडा दिसतो, तो १९२४ चा. चर्च लहान, नॉर्मन काळातलं, वर घंटेचा पांढरा लाकडी मनोरा. इथे फार थांबलो नाही.

ललिंग्टनचं मात्र नीट सांगायचं आहे, खरं तर त्यासाठीच हा धागा.

रस्त्यावरून एक वाट झाडीत शिरते. गाव असं काही नाहीच, दोन-चार घरं. झाडीतून बाहेर आलं की हिरवळीवर एक खोलीएवढं चर्च उभं, चकमकीच्या भिंती, कौलारू छप्पर, वर पांढऱ्या फळ्यांचा छोटा मनोरा. आतून जेमतेम १६ फूट लांब, १६ फूट रुंद. वीसेक माणसं बसतील. इंग्लंडमधलं सगळ्यात लहान चर्च म्हणून त्याचं नाव घेतात. मी दार ढकलून आत गेले, बाबा बाहेरच. बराच वेळ आले नाहीत म्हणून पाहिलं, तर पश्चिमेकडच्या गवतात वाकून काहीतरी पावलांनी मोजत होते. गवतातून जुन्या भिंतीचा पाया डोकावत होता. मला म्हणाले, "हे लहान देऊळ नाही गं. हा नुसता गाभारा आहे. सभामंडप पडलाय."

आणि तेच खरं आहे. पूर्वी इथे मोठं चर्च होतं. उरलंय ते त्याचं वेदीकडचं टोक. सतराव्या शतकात, क्रॉमवेलच्या काळात पाडलं असं सांगतात. गावही ओसरलं. कोणत्या संताच्या नावाचं होतं तेही लोक विसरले होते, मग २००० साली त्याला 'उत्तम मेंढपाळ' हे नाव दिलं. आत वेदीवर ताजी रानफुलं होती, एका साध्या काचेच्या बरणीत. ती कुणीतरी त्याच दिवशी सकाळी आणून ठेवली असणार, कारण पाण्यात अजून एकही पाकळी पडलेली नव्हती. बाबा पहिल्या बाकावर बसले आणि त्यांनी हळू आवाजात हरिपाठाचे दोन अभंग म्हटले. बाहेर चंडोल गात होता, उंच कुठेतरी, दिसत नव्हता.

मग विंडोव्हर हिल, २१४ मीटर. सातारकराला हा चढ म्हणजे काहीच नाही. पण आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि ओला खडू साबणासारखा असतो. बाबांचा पाय घसरला, गुडघ्याला खरचटलं. काठी नेली असती तर बरं झालं असतं. माथ्यावरून उत्तरेला सगळा सखल मुलूख, आर्लिंग्टनचा तलाव. उतरून वळसा घेतला की मागे डोंगराच्या उतारावर लाँग मॅन, दोन हातांत दोन काठ्या घेतलेली २३५ फुटांची माणसाची आकृती.

विल्मिंग्टनच्या चर्चच्या अंगणात यू नावाचं झाड आहे, सुमारे १६०० वर्षांचं मानतात. खोडाला साखळ्या आणि फांद्यांना लाकडी टेके. म्हणजे चर्च बांधलं तेव्हा झाड आधीच म्हातारं होतं. तिथून शेतांतून स्टेशन, आणि सव्वासातची गाडी.

कऱ्हाकाठ

फार सुंदर लिहिलंस. 'सभामंडप पडलाय' वाचून अंगावर काटा आला. आमच्या गावाबाहेर असंच एक महादेवाचं देऊळ आहे, नुसता गाभारा उरलेला, आम्ही लहानपणापासून त्याला 'छोटा महादेव' म्हणायचो. मंडपाचे खांब शाळेच्या ओट्याला लागले आहेत हे मोठेपणी कळलं.

दोन प्रश्न. आपण ख्रिस्ती नसताना असं सरळ आत जाता येतं का? दारं उघडी असतात? आणि वाट चुकण्याची भीती किती?

रानवाट

जाता येतं, कुणी विचारत नाही. ह्या भागातली बहुतेक गावचर्चं दिवसा उघडी असतात. दार बंद दिसलं तरी कुलूप असेलच असं नाही. लोखंडी कडी फिरवून उचलायची, मग दार ढकलायचं, जड असतं. आत जाऊन आल्यावर दार नक्की लावून घ्यायचं, नाहीतर पाकोळ्या आत शिरतात आणि त्यांना बाहेर पडता येत नाही. तशी चिठ्ठीच लावलेली असते कित्येक ठिकाणी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नये. छपराच्या डागडुजीसाठी भिंतीत पेटी असते, तीत काहीतरी टाकावं. एवढ्याशा वस्तीला एवढी जुनी भिंत सांभाळणं सोपं नाही.

वाटेसाठी ऑर्डनन्स सर्व्हे ह्या सरकारी संस्थेचा नकाशा घ्या, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल २५. खांबांवर पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोड्यांनाही मोकळी. फोनवर सगळं मिळतं, पण नदीकाठाला मला रेंज नव्हती.

वसईचा_वाडवळ

मी ख्रिस्ती आहे, वसईचा, म्हणून थोडी भर घालतो.

वेदी पूर्वेला आणि मुख्य भाग पश्चिमेला, ही जुन्या चर्चची रीत. म्हणून तुमच्या बाबांना पाया पश्चिमेकडे सापडला. गाभारा हा शब्द चपखल आहे, आमच्याकडे आम्ही त्याला वेदीचा भाग म्हणतो. आणि 'उत्तम मेंढपाळ' हे नाव वाचून आनंद झाला, योहानाच्या दहाव्या अध्यायातलं आहे. मेंढ्यांच्या मुलखात दुसरं काय शोभलं असतं!

बर्विकच्या चित्रांबद्दल एक सांगावंसं वाटतं. सोळाव्या शतकापर्यंत इंग्लंडमधली गावचर्चं आतून रंगवलेलीच असायची. धर्मसुधारणेच्या काळात मूर्ती आणि चित्रं नकोत म्हणून त्यांच्यावर चुना फासला गेला. आज जी पांढरी साधी भिंत आपल्याला 'जुनी' वाटते ती त्या अर्थाने नंतरची आहे. बिशप बेल ह्यांना चर्च आणि कलावंत ह्यांची ही तुटलेली गाठ पुन्हा बांधायची होती. गावातून विरोध झाला, धर्मपीठाच्या न्यायालयापुढे सुनावणी झाली, मग परवानगी मिळाली.

वसई किल्ल्यातली आमची चर्चं १७३९ नंतर ओस पडली. त्यांना मंडप आहे, कमानी आहेत, छप्पर नाही. ललिंग्टनला उलट, छप्पर राहिलं आणि मंडप गेला. मी लहान असताना आजोबा आम्हांला किल्ल्यात न्यायचे आणि वेदी कुठे होती ती जागा दाखवायचे. त्यांनाही त्यांच्या आजोबांनी दाखवली होती.

मृण्मयी_प

मला त्या तीन सैनिकांच्या चित्राबद्दल बोलायचं आहे. डंकन ग्रँट पहिल्या महायुद्धात लढायला नकार देणाऱ्यांपैकी होता. १९१६ मध्ये चार्ल्सटनला हे लोक आले तेच मुळी त्याला शेतमजुरीचं काम मिळावं म्हणून, कारण सैन्याऐवजी शेतीचं काम केलं तर सूट होती. आणि पंचवीस वर्षांनी त्याच माणसाने सैनिकाला इतक्या मायेने रंगवलं. बिशप बेल ह्यांनीही १९४४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात उभं राहून जर्मन शहरांवर सरसकट बाँब टाकण्याला विरोध केला होता, तोही आपलाच देश लढत असताना. मी ते चित्र पाहिलं तेव्हा हे माहीत नव्हतं. पुन्हा जायला हवं.

रानवाट

मृण्मयी, हे किती महत्त्वाचं सांगितलंस. चित्रातल्या सैनिकाचा चेहरा शांत आहे, शूरवीराचा आव नाही त्याच्यात. तो असा का आहे ते आज कळलं.

खडकवेडा

भूशास्त्राचा माणूस आहे, त्यामुळे राहवत नाही.

खडू म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांची कवचं. साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात उथळ, स्वच्छ समुद्राच्या तळाशी ती साचत गेली. चकमक त्याच समुद्रातल्या स्पंजांसारख्या जीवांच्या सिलिकेची, खडूच्या थरांत गाठी होऊन बसलेली. आणि त्या काळाच्या अगदी अखेरीला आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. म्हणजे वाईचा काळा दगड आणि आल्फ्रिस्टनची चकमक एकाच जमान्याच्या दोन टोकांची आहेत. तुमच्या बाबांना हे नक्की सांगा.

कोपऱ्याचं त्यांचं निरीक्षण फारच अचूक आहे. डाउन्समध्ये घडवण्याजोगा दगडच नाही. खडू मऊ, चकमक वेडीवाकडी. कोपरे, खिडक्यांच्या चौकटी ह्यांना बाहेरून दगड आणावा लागायचा, आणि तो महाग. लुईसजवळच्या ऊझ नदीच्या खोऱ्यात साउथीज आणि पिडिंगहो इथे चर्चचे मनोरे चक्क गोल आहेत, लुईसच्या सेंट मायकेललाही तसाच. गोल मनोऱ्याला कोपरा नसतो, हे त्यामागचं एक कारण सांगतात.

एक प्रश्न : माथ्यावर गोल तळी दिसली का? खडूवर पाणी टिकत नाही, सगळं मुरतं. म्हणून मेंढपाळ खड्ड्याला चिखल आणि पेंढा चोपून तळी करायचे. त्यांना दवाची तळी म्हणतात, प्रत्यक्षात भरतात बहुतेक पावसानेच.

सह्यभ्रमर

लाँग मॅनबद्दल एवढंच एक वाक्य? ती आकृती अश्मयुगीन आहे ना? मी लोहयुगातली असंही वाचलं होतं. दोन काठ्या म्हणजे सूर्याचं दार उघडणारा देव वगैरे.

रानवाट

खडकवेडा, तळं दिसलं नाही, पुढच्या खेपेला शोधते. बाबांना तुमचं दख्खनचं वाक्य फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

सह्यभ्रमर, मीही तसंच ऐकून होते. पण २००३ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या लोकांनी आकृतीच्या पायथ्याशी खोदून पाहिलं. वरून खडूचे तुकडे धुऊन खाली कधी आले ते थरांवरून काढलं, आणि ते सोळाव्या-सतराव्या शतकाकडे बोट दाखवतात. सगळ्यात जुनं रेखाटन १७१० चं आहे. १८७४ मध्ये बाह्यरेषेवर विटा बसवल्या, आता काँक्रीटचे ठोकळे आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना खूण मिळू नये म्हणून आकृती हिरवी रंगवली होती.

सह्यभ्रमर

थोडं वाईट वाटलं खरं सांगायचं तर. पाच हजार वर्षांचा म्हणून मनात होता.

मृण्मयी_प

मला उलट वाटतं. कुणी केला, का केला हे चारशे वर्षांतच विसरलं गेलं, तरी लोकांनी त्याची रेघ कायमची पुसू दिली नाही. खडूतली रेघ काही वर्षं सोडली की गवत चढतं. कारण माहीत नसताना लोकांनी ती जपली, हे मला त्याच्या वयापेक्षा मोठं वाटतं. आणि डोंगराखालून बघा, अंग प्रमाणात दिसतं. वरून किंवा विमानातून पाहिलं तर फार लांबुडकं आहे. करणाऱ्याने बघणारा कुठे उभा राहणार ह्याचा विचार केला होता.

नांगरट

मी शेतकरी आहे, बारामतीकडचा. वाचून डोक्यात एकच प्रश्न. तुम्ही दिवसभर लोकांच्या शेतांतून चाललात. शेतकरी काही बोलत नाहीत? आमच्याकडे पाणंद रस्त्यावरून भावाभावांत डोकी फुटतात. गावनकाशावर पाऊलवाट तुटक रेघेने दाखवलेली असते, प्रत्यक्षात तिथे ऊस उभा असतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, मीही गेलो होतो, पण चकरा मारून माणूस थकतो.

रानवाट

नांगरट दादा, जमीन शेतकऱ्याचीच असते, पण वाटेवरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक भागातल्या अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. त्या नकाशावर वाट आली की ती कायद्याने वाट. शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीच्या वेळी पहिल्यांदा मोडल्यापासून १४ दिवसांत ती किमान एक मीटर रुंदीची पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. बर्विकच्या पुढे आम्ही गुडघाभर गव्हातून गेलो, आणि मधून सरळ एक मोकळा पट्टा सोडलेला होता. बाबांनी तिथे थांबून पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "पीक गेलं ह्याचं एवढं, तरी सोडलंय."

चालणाऱ्यावरही बंधन असतं. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, कोकरांच्या दिवसांत कुत्रा दोरीने धरायचा, वाट सोडून पिकात शिरायचं नाही.

नांगरट

एक मीटर. आमच्याकडे तेवढ्यावर मिटलं असतं.

ब्रायटनकर

ह्या धाग्यावर एक जागा सांगितलीच पाहिजे. ह्याच डाउन्सवर, बर्विकपासून पश्चिमेला, ब्रायटनजवळच्या पॅचम गावाच्या वर 'छत्री' आहे. होय, आपलाच शब्द. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमधल्या रुग्णालयात आणले जायचे. जे हिंदू आणि शीख सैनिक इथे वारले त्यांच्यापैकी ५३ जणांचं दहन ह्या डोंगरावर झालं, रक्षा समुद्रात सोडली. जिथे चिता रचल्या तिथे संगमरवराची घुमटी बांधली. आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुकाराचा. १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. मुसलमान सैनिकांना वोकिंगला दफन केलं होतं.

तिथे गाडीरस्ता जात नाही. पॅचमहून चढत चालतच जावं लागतं, मेंढ्यांच्या कुरणांतून. २०१० मध्ये शेजारी ५३ नावांचा दगड बसवला. दर जूनमध्ये तिथे मानवंदना होते. मी दरवर्षी जातो आणि प्रत्येक नाव वाचतो. वाऱ्यामुळे मोठ्याने वाचावं लागतं.

कऱ्हाकाठ

हे माहीतच नव्हतं. रानवाट, बाबांना तिथे नेलंस का?

रानवाट

नाही गं, मलाही आजच कळलं. ब्रायटनकर, मनापासून आभार. बाबा ह्या वर्षी आषाढी झाल्यावर यायचं म्हणताहेत, म्हणजे जूनची मानवंदना हुकेल, पण नेणार नक्की.

आणि एक राहिलंच. बाबा वाईला परतल्यावर महिन्याभराने त्यांचं पाकीट आलं. आत चौकटींच्या वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला ललिंग्टनच्या चर्चचा आराखडा. उभा आहे तो भाग ठळक रेघेने, आणि पश्चिमेकडचा पडलेला मंडप तुटक रेघेने, गवतात पावलांनी मोजून आलेल्या आकड्यांवरून. भिंतीची जाडी दाराच्या उंबऱ्यापाशी वितीने मोजली होती, तीही लिहिली आहे. दाराच्या उंचीपुढे जागा मोकळी सोडून खाली टीप : "घाईत राहिले. पुन्हा गेलीस तर टेप घेऊन जा."

मी अजून गेलेले नाही. धाग्यावरचं कुणी आधी तिकडे जात असेल, तर दाराची उंची तेवढी मोजून इथे लिहाल का? कमानीच्या टोकापर्यंत नको, कमान जिथे सुरू होते तिथपर्यंतची हवी आहे त्यांना.

मृण्मयी_प

पुढच्या शनिवारी जाते आहे. टेप आत्ताच पिशवीत टाकला.